डाव्या हाताची कडी

रायफल म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक कँपातल्या परेडच्या मैदानावरचं, आणि दुसरं एखाद्या वाड्यातल्या जुन्या फोटोतलं, वाघाच्या अंगावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या सरदाराचं. बेळगावात वाढलेल्याला पहिलं जास्त जवळचं, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच आहे आणि गल्लीआड एखादे निवृत्त सुभेदार राहतात. पण रायफल ही कुणीतरी लेथवर कातलेली, फायलीनं घासलेली, गेज लावून मापात बसवलेली वस्तू आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये मी अडतीस वर्षं काढली. पंपाचे भाग, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह, ओतकामाचे साचे, सगळं हाताखालून गेलं. बंदुकीचा भाग मात्र कधी गेला नाही. तो गेला निवृत्तीनंतर, पेनसिल्व्हेनियात, व्याह्यांच्या तळघरात. आणि त्याला निमित्त झाला माझ्या नातीचा डावा हात.

माझी लेक शिकायला म्हणून तिकडे गेली आणि तिथलीच झाली. जावई अमेरिकन, सरळ आणि कष्टाळू. सौ. गेल्यावर लेकीनं ग्रीन कार्डाची खटपट केली आणि तेव्हापासून माझं वर्ष दोन गावांत विभागलेलं आहे. जावयाचे वडील, म्हणजे माझे व्याही, हेही मशीनशॉपमधून निवृत्त झालेले. माझं इंग्रजी कामापुरतं आणि त्यांचे उच्चार डोंगराळ भागातले. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. मग एकदा त्यांनी मला तळघर दाखवलं. तिथे साउथ बेंडचं जुनं लेथ, भिंतीवर ओळीनं टांगलेली मायक्रोमीटरं, आणि कटिंग ऑइलचा तो वास. उद्यमबाग आणि ते तळघर यांत सात समुद्र असतील, वास एकच होता. त्या दिवसापासून आम्हांला दुभाषा लागला नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागात हरणाची शिकार हा सणच असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मोसम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि खेड्यांतल्या पुष्कळ शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. मूल अकरा वर्षांचं झालं की शिकारीचं शिक्षण घेऊन परीक्षा देऊ शकतं आणि बाराव्या वर्षी त्याला ज्युनियर परवाना मिळतो, मात्र सोबत मोठं माणूस हवं. व्याह्यांच्या घरात प्रत्येक मुलाला बाराव्या वर्षी आजोबाकडून रायफल मिळते. ती दुकानातली नव्हे, घरी बांधलेली. २०२४ च्या शरदात माझी नात बारा वर्षांची होणार होती. व्याह्यांनी उन्हाळ्यातच तयारी सुरू केली आणि मला म्हणाले, "तुम्हीही तिचे आजोबाच. हात लावा."

घरी बांधायची म्हणजे सगळं घरी घडवायचं नाही. रायफलीचे मुख्य भाग तीन: नळी, लाकडी दस्ता आणि मधली ॲक्शन. ॲक्शन म्हणजे पोलादी घर, ज्याला रिसीव्हर म्हणतात, आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. आपल्या जुन्या दारांना असते तशीच ही कडी आहे. पुढे ढकलायची आणि खाली वळवायची. कडी पुढे गेली की काडतूस नळीत शिरतं, खाली वळली की तिचे कान, म्हणजे लग, रिसीव्हरच्या खाचांत अडकतात आणि दार बंद. फरक इतकाच की या दारामागे वारा नसतो. काडतूस फुटतं तेव्हा दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या आसपास दाब येतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, त्यावरून कल्पना करावी. एवढा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर अडवून धरायचं काम ती कडी करते. म्हणून हौशी माणसं नळी आणि दस्ता आपल्या मनासारखा करून घेतात, पण ॲक्शन एखाद्या मोठ्या कारखान्याची निवडतात आणि तिच्याभोवती बाकीची रायफल उभी करतात.

तिथला कायदाही हेच मानतो. अमेरिकेत रिसीव्हर हीच बंदूक. क्रमांक तिच्यावर असतो आणि ती परवानाधारक दुकानदाराकडून, फॉर्म भरून, चौकशी होऊनच हाती येते. नळी मात्र पोस्टानं घरी येते आणि पोस्टमन ती पायरीवर ठेवून जातो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडाच, तिच्यात फेरफार करणंही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना असणाऱ्यालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे हा सगळा खटाटोप आपल्या वाचकांना परक्या मुलखातला वाटेल, आणि तो आहेही. पण निवड कशी करावी, हा प्रश्न काही परका नाही.

व्याह्यांच्या मनात निवड झालेलीच होती. त्यांनी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून बाकावर ठेवली. ती माउझर ९८ ची ॲक्शन होती. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि परतताना जर्मनांकडून पाडाव झालेली एक रायफल आठवण म्हणून घेऊन आले. नळी गंजली, दस्ता किडला, ॲक्शन राहिली. व्याह्यांनी ती पन्नास वर्षं जपली होती, पहिल्या नातवंडासाठी.

मी ती हातात घेतली आणि जरा वेळ बोललो नाही. आमचे थोरले काका मराठ्यांच्या पलटणीत होते, तेही इटलीतच. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैत आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच लढाईत. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बर्फाचं मात्र बोलत. त्यांच्यासमोरच्या जर्मन शिपायाच्या हातात हीच कडी होती. व्याह्यांना मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आपले दोघांचेही लोक हिच्या चुकीच्या टोकाला उभे होते."

यंत्र म्हणून बोलायचं तर माउझर ९८ हा या धंद्यातला मूळपुरुष. पाउल माउझरनं १८९८ मध्ये तो पूर्णावस्थेला नेला आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत निघालेल्या बहुतेक बोल्ट रायफलींनी त्याच्याकडून काही ना काही उचललं. पुढे दोन मोठे लग आणि ते दगा देतील म्हणून मागे तिसरा, राखीव. बाजूला लांब पोलादी पंजा, जो काडतूस पेटीतून वर येताच त्याची कड पकडतो आणि रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. आमच्या शेजारच्या सुभेदारांकडे इशापूरची .३१५ बोअरची रायफल होती. तिची ॲक्शन ली-एनफील्डच्या घराण्यातली, लग मागच्या बाजूला. चालायला झटपट, पण दाब आला की बोल्टची सगळी लांबी चेपली जाते. माउझरचे लग काडतुसाच्या तोंडाशीच असल्यानं भार तिथल्या तिथे पेलला जातो. ही ॲक्शन युद्धाच्या घाईत बनलेली होती. बाहेरून यंत्राचे ओरखडे तसेच सोडलेले, आतली लगांची बैठक मात्र चोख. ज्यानं ती केली त्याला कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही, हे कळत होतं.

अडचण एकच होती. तिची कडी उजव्या बाजूला होती आणि नात डावखुरी.

व्याही म्हणाले, "शिकेल ती. सगळेच शिकतात."

हे वाक्य मी इंग्रजीत पहिल्यांदा ऐकत होतो, मराठीत आणि कानडीत मात्र पुष्कळदा ऐकलं होतं. मी जन्माचा डावरा. जेवताना आजी हातावर चापट मारायची, कारण डावा हात अन्नाला लावायचा नसतो. शाळेचं नाव कशाला घ्यायचं, पण तिथले एक मास्तर पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात दिसली की "बलगै!" म्हणून ओरडायचे आणि पट्टी यायची. उजवा हात, हे शब्द मला आधी कानडीत कळले. घरचे म्हणायचे, सवय होईल. झालीच. मी उजव्या हातानं लिहायला शिकलो, पण इतका सावकाश की मॅट्रिकपर्यंत एकही पेपर वेळेत पुरा झाला नाही. उत्तरं येत असत, हात पोचत नसे. पुढे शिकायचं राहिलं आणि मी आयटीआयला गेलो. तिथे लेथ भेटलं. लेथवर दोन्ही हातांना काम असतं. डावा कॅरेजच्या चाकावर, उजवा क्रॉस स्लाइडवर, आणि कुणी कुणाला कमी लेखत नाही. मला लेथ एवढं का आवडलं, याचं दुसरं कारण मी कधी शोधलं नाही.

हे सगळं व्याह्यांना सांगावं असं वाटलं, पण सांगून काय झालं असतं? त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली असती आणि माउझरला फडकं मारलं असतं. वडिलांची वस्तू होती ती. तिच्याविरुद्ध माझ्या पट्टीच्या माराचं वजन ते किती! शिवाय मी मुलीकडचा. आपल्याकडे मुलीच्या बापानं व्याह्यांपुढे आवाज चढवायचा नसतो, हे सात समुद्रांपलीकडेही रक्तातून जात नाही.

म्हणून मी टूलरूमचा रस्ता धरला. तिथे वाद घालायचा नसतो, माप घ्यायचं असतं. आधी नातीला दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करून त्यातून दूरचा खांब पाहायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायला लावला. खांब डाव्या डोळ्याला जागच्या जागी दिसत होता, उजव्याला सरकत होता. म्हणजे नेमाचा डोळाही डावा. नेम धरायचा तर दस्ता डाव्या खांद्यालाच लागणार. मग व्याह्यांची स्वतःची उजव्या कडीची रायफल त्यांनीच रिकामी करून, दोनदा तपासून, तिच्या डाव्या खांद्याला लावून दिली. भिंतीवर मी खडूनं एक रुपयाएवढं वर्तुळ काढलं. म्हटलं, "नेम धर, घोडा ओढ, कडी उघड, बंद कर, पुन्हा नेम धर."

कडी उजवीकडे. त्यामुळे तिचा डावा हात घोड्यावरून सुटला, दस्त्यावरून पलीकडे गेला, मान वर झाली, गाल उचलला गेला. आणि नळीचं टोक वर्तुळातून निघून लेथकडे, लेथवरून आमच्या दोघांच्या पायांकडे येऊन परत गेलं. तिनं तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. उघडी खिडकीही उजवीकडेच, म्हणजे रिकामं काडतूस आणि चुकून मागे येणारा वायू चेहऱ्यासमोरून जाणार.

व्याही काही बोलले नाहीत. पन्नास वर्षं त्यांनी मुलांना एकच नियम शिकवला होता की नळीचं टोक कधी माणसाकडे फिरू द्यायचं नाही. ते खाली वाकले, माउझर फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मग वर येऊन कॉफीचे दोन कप भरले आणि म्हणाले, "ठीक आहे. डाव्या हाताची कोणकोणती मिळते ते बघू."

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं म्हातारे लग्नाचं स्थळ बघावं तसे हिंडलो.

व्याह्यांचं पहिलं प्रेम विंचेस्टर मॉडेल ७०. ही १९३६ मध्ये निघाली, माउझरसारखाच पंजा असलेली. १९६४ मध्ये खर्च कमी करायला कारखान्यानं तो पंजा काढून रचना साधी केली आणि गिऱ्हाइकं इतकी रुसली की आजही जुन्या रायफलींचा भाव '६४ च्या आधीची' या तीन शब्दांवर ठरतो. पुढे १९९० नंतर पंजा परत आला. आम्ही हिंडलो त्या टापूत डाव्या हाताची एकही जुनी मिळाली नाही.

रेमिंग्टन ७०० ही दुसरी. १९६२ ची. तिचा रिसीव्हर गोल, जाड गजातून कातलेला, म्हणून लेथवर धरून सरळ करायला सगळ्यांत सोपा. नळीचे आटे, लगांची बैठक आणि रिसीव्हरचं तोंड हे सगळं एका अक्षाशी काटकोनात आणायला कारागीर पैसे घेतात, आणि हे काम त्यांना या रिसीव्हरवर करायला सर्वांत आवडतं. हिची गंमत अशी की कंपनीनं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळं काढलं, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा जुना कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला, पण तिच्या मापाचे दस्ते, घोडे, दुर्बिणीचे पाट बाजारात उदंड आहेत. दुसरे कारखानदार आपल्या ॲक्शनही त्याच मापात काढतात. कारखाना जातो, माप राहतं. उद्यमबागेत बंद पडलेल्या शेडांच्या बाबतीतही मी हे पाहिलंय. डाव्या हाताची ७०० आम्हांला दिसली, पण लांब ॲक्शनची. आम्हांला आखूड हवी होती. लांब ॲक्शन .३०-०६ सारख्या लांब काडतुसांची. बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला तो धक्का कशाला? आम्ही ठरवलेलं काडतूस ७ मिमी-०८, हे .३०८ च्याच कवचाचं तोंड बारीक करून केलेलं, धक्का कमी आणि हरणाला पुरेसं. आखूड ॲक्शनमध्ये कडीचा प्रवास कमी होतो आणि वजनही थोडं घटतं.

माझं मन गेलं ते रुगरच्या एम ७७ वर. ही १९६८ ची, आणि तिचा रिसीव्हर ओतीव! मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. म्हणजे आपल्या मूर्तिकारांची पंचधातूची मूर्ती करायची तीच रीत, फक्त धातू निराळा. ओतकाम म्हणजे कमी प्रतीचं, हा समज या माणसांनी खोटा पाडला. फाउंड्रीच्या गावच्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. पण तिचा पुढचा स्क्रू तिरपा असतो, दस्ता बसवताना तो सांभाळावा लागतो, आणि तयार नळ्यांची निवडही मर्यादित. मी तिला दोनदा हातात घेऊन परत ठेवली. फिनलंडची टिक्का कडी तर लोण्यातून सुरी फिरावी तशी चालायची. पण ती एकाच लांबीच्या रिसीव्हरमध्ये येते, आणि तिच्या नळ्या कारखान्यात इतक्या घट्ट बसवतात की घरच्या पान्याला दाद देत नाहीत.

उरली सॅव्हेज ११०. दिसायला सगळ्यांत सामान्य. निकोलस ब्रूअरनं १९५८ मध्ये आखलेली, स्वस्तात बनावी म्हणूनच. नळी आणि रिसीव्हर यांच्या मध्ये एक जाड नट, जणू नळदुरुस्तीचं काम. व्याह्यांनी नाक मुरडलं. मीही मुरडलं असतं, पण मी ती उघडून बघितली. तिच्या बोल्टचं डोकं वेगळं असतं, आडव्या पिनेवर बसवलेलं, आणि त्याला किंचित हालचाल ठेवलेली असते. त्यामुळे बंद होताना ते आपली जागा आपण शोधतं आणि दोन्ही लग सारखे टेकतात. दुसऱ्या ॲक्शनमध्ये जे काम कारागिराला ब्लू लावून, घासून, तासन् तास करावं लागतं, ते इथे एका जाणीवपूर्वक ठेवलेल्या ढिलाईनं होतं. टूलरूममध्ये आम्हांला आयुष्यभर घट्ट बसवायला शिकवतात. ढिलाई कुठे ठेवायची, हे फार थोड्यांना कळतं.

तो नटही असाच शहाणा. नळी हातानं फिरवत न्यायची, गेजला टेकली की नट आवळायचा. नात मोठी झाली की मोठ्या काडतुसाची नळी आपल्या आपण बसवू शकेल. सेफ्टीचा खटका वरती, मधोमध, अंगठ्याखाली. त्याला डावं-उजवं काही नाही, आणि मधल्या टप्प्यावर ठेवला तर घोडा कुलूपबंद राहून कडी उघडता येते. आणि शेवटची गोष्ट म्हणजे सॅव्हेजनं १९५९ मध्येच ही रायफल डाव्या कडीची काढली. मोठ्या प्रमाणावर तशी काढणारा तो पहिला कारखाना. त्या वर्षी मी शाळेत पट्टी खात होतो, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कुणीतरी कडी दुसऱ्या बाजूला बसवत होतं!

नवी नुसती ॲक्शन घेण्यापेक्षा जुनी आख्खी रायफल घेऊन तिची नळी काढून टाकणं स्वस्त पडतं, हा तिथला जुना हिशेब. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी, एक मिळाली. डाव्या हाताची, आखूड, नळी झिजलेली. लगांवर ओरखडे नव्हते, बोल्टच्या तोंडावर खड्डे नव्हते, दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं एका रेषेत होती. व्याह्यांनी आपल्या नावावर फॉर्म भरला, दुकानदारानं फोनवर चौकशी केली आणि आम्ही ती घेऊन आलो.

मग बेळगावहून अक्काचा फोन आला. लेकीनं तिला सांगितलं होतं.

"पोरीच्या हातात बंदूक द्यायलास होय रे? नाना माळकरी होते आपले, विसरलास?"

विसरलो नव्हतो. नानांच्या गळ्यातली माळ मी घातली नाही, पण घरात कधी मांस शिजलं नाही आणि मीही खाल्लेलं नाही. अक्काला काय सांगणार? म्हटलं, "अक्का, तुझ्या खानापूरच्या शेतात डुकरं येतात, त्यांचं काय करतेस?" ती म्हणाली, "काय करायचं? रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवायचे. नाहीतर गवे येऊन भात तुडवतात. सरकार मारू देत नाही." थोडं थांबून म्हणाली, "मारू दिलं असतं तरी मी मारलं नसतं. पण शिव्या घालते हो, रोज."

पेनसिल्व्हेनियात विसाव्या शतकाच्या आरंभी हरणं जवळजवळ संपली होती. लांडगे त्याआधीच गेलेले. १८९५ मध्ये राज्यानं शिकारीवर देखरेख ठेवणारं मंडळ नेमलं, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि आज ती इतकी आहेत की रानातली कोवळी झाडं खाऊन संपवतात आणि रस्त्यावर मोटारींखाली येतात. लांडग्याचं काम आता परवानाधारक माणूस करतो, त्याच्या परवान्याच्या पैशावर ते मंडळ चालतं. हे सगळं मला बुद्धीला पटलं. नानांच्या माळेला पटलं का, हे मी सांगू शकत नाही. मी एवढंच ठरवलं की ही पोर या घरची आहे तशी त्या घरचीही आहे. ती शिकारीला जाणार हे माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते इतकंच, की गोळी सुटलीच तर ती जिथे पाहिलं तिथेच जावी आणि जखमी जनावर रात्रभर रानात तडफडत राहू नये. माझ्यापुरती दया मला तेवढ्याच मापात मिळाली.

आणि ते माप खरोखर लहान होतं. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचा खांदा यांतलं अंतर, हेडस्पेस, तपासायला दोन गेज असतात. त्यांची नावं ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं, गो आणि नो-गो. आमच्या काडतुसाला गो गेज १.६३० इंचाचा आणि नो-गो १.६३४ चा. चार थाऊंचा फरक. गोवर कडी बंद झाली पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. व्याह्यांनी जुना नट सोडवला, मी नवी नळी फिरवत नेली. गेज आत, कडी बंद, नळी टेकेपर्यंत हलक्या हातानं. मग नट आवळला आणि गेज बदलला. कडी अर्ध्यावर येऊन थांबली. नातीला बोलावून तिच्या डाव्या हातानं करून बघायला सांगितलं. तिनं कडी दाबली, ती खाली जाईना. "बिघडलं का?" तिनं विचारलं. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "नाही, बरोबर आहे."

दस्ता काळ्या अक्रोडाचा, व्याह्यांनी कोरला, डाव्या गालाला बसेल असा. रिसीव्हर त्यात इपॉक्सीच्या गादीवर बसवला, म्हणजे पावसात लाकूड फुगलं तरी पोलादाला ताण नको. रेंजवर नेली तेव्हा शंभर यार्डांवरच्या तीन गोळ्या एका अंगठ्याखाली झाकल्या जात होत्या. व्याह्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. नटाबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

३० नोव्हेंबरला मोसम उघडला. पहिल्या दिवशी ती गोळी न झाडताच परत आली. हरीण समोर आलं होतं, पण त्याच्या मागे चढाव नव्हता, रस्ता होता. पुढच्या शनिवारी तिनं एक नर पाडला, एका गोळीत. मी घरीच होतो. संध्याकाळी ती येऊन माझ्याजवळ बसली आणि तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, राग आला?" मी म्हटलं, "नाही. तुला वाईट वाटलं?" ती म्हणाली, "हो. थोडं." म्हटलं, "मग राहू दे ते थोडं." लेकीनं ते मटण घरच्या मसाल्यात केलं. मी त्याच टेबलावर आमटी-भात जेवलो. कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

माउझर अजून कपाटात आहे. नातीचा भाऊ आता अडीच वर्षांचा झालाय आणि ती त्याच्यासाठी राखलेली आहे, असं सगळे धरून चालतात. परवा रविवारी आम्ही व्याह्यांकडे जेवायला होतो. त्यांनी पोराच्या ताटात मका वाढला आणि चमचा उजवीकडे न ठेवता ताटाच्या बरोबर मधोमध ठेवला. मग हात मागे घेऊन, एकही शब्द न बोलता, तो कुठल्या हातानं उचलतो ते बघत बसले.